मानवी क्लोनिंगवर बंदी कशासाठी: धोका आहे म्हणून, की मुळातच चूक म्हणून?

सायली_प्र
टेस्ट ट्यूब बेबीलाही सुरुवातीला विरोध झाला होता, १९७८ नंतर तो हळूहळू मावळला. क्लोनिंगचं तंत्र सुरक्षित झालं तर निपुत्रिक जोडप्यांना परवानगी का नसावी?

बीजांकुर
खरी मेख 'सुरक्षित झालं तर' इथेच आहे. क्लोनिंगमध्ये आधी पक्व बीजांडातली गुणसूत्रं बारीक काचनळीने ओढून काढतात. साध्या सूक्ष्मदर्शकात ती दिसत नाहीत. ध्रुवीकृत प्रकाशात फिकट चमकणारा ठिपका दिसतो, तोच नेमका उचलायचा. मग ज्याची हुबेहूब प्रत हवी त्याच्या शरीरातली एक पेशी आत सोडून विजेचा हलका झटका दिला की दोन्ही एकजीव होतात. घोडं अडतं ते यानंतर. त्वचेच्या पेशीतल्या डीएनएवर 'तू त्वचाच राहा' अशा रासायनिक खुणा असतात, त्या बीजांडाने थोड्याच तासांत पुसायच्या असतात. अर्धवट पुसल्या की गर्भाला पोसणारी वार नीट धरत नाही आणि गर्भ पडतो. डॉली या क्लोन केलेल्या मेंढीच्या वेळी अशा २७७ जोडण्यांतून २९ गर्भ रोपले, कोकरू एकच जन्मलं. शांघायच्या क्लोन माकडांची माहिती २०१८ मध्ये आली: गर्भाच्या पेशींपासून ७९ गर्भ २१ माद्यांत रोपले, दोन पिल्लं जगली. प्रौढ पेशींपासूनही दोन जन्मली, पण ती टिकली नाहीत.

सायली_प्र
पण असा धोका बाळावर त्याच्या संमतीशिवाय लादू नये म्हणाल, तर टेस्ट ट्यूबच्या पहिल्या बाळाची संमती तरी कुणी घेतली होती?

बीजांकुर
नव्हती घेतली. पण तिथे बीजांड आणि शुक्राणू आपापल्या खुणा नैसर्गिकरीत्या घेऊनच आलेले असतात, बदलते ती फक्त फलनाची जागा. इथे त्या खुणाच बिघडतात, म्हणून माणसातला पहिला प्रयत्न म्हणजे एका बाळावरची चाचणी. औषधाच्या चाचणीतून मोठा माणूस बाहेर पडू शकतो, बाळाला ते शक्य नाही. माझ्या मते एवढ्यावरच बंदी योग्य ठरते.

अनघा_मुळे
या वादात बीजांडं देणारी बाई कुणाला दिसतच नाही, याचा मला संताप येतो. त्यासाठी साधारण दहा दिवस हार्मोनची इंजेक्शनं घ्यावी लागतात; बीजाशय फार चेतवलं गेलं तर पोटात पाणी साठतं, कधी जिवावर बेततं. सोलमध्ये मानवी गर्भ क्लोन केल्याचा दावा करणारे संशोधक ह्वांग वू-सुक यांच्या प्रयोगांत दोन हजारांवर बीजांडं खर्ची पडली, त्यांत प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधक स्त्रियांचीही होती, आणि शेवटी दावेच खोटे निघाले.

सायली, कायद्याचं म्हणशील तर मूल जन्माला घालण्यासाठीचं क्लोनिंग आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निषिद्ध आहे. मानवी क्लोनिंगवर बंदी घाला म्हणणाऱ्या २००५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याविरुद्ध भारताने मत दिलं, कारण त्यात उपचारासाठीचं क्लोनिंगही, म्हणजे मूल नव्हे तर फक्त पेशी मिळवण्यासाठी केलेलं, भरडलं जात होतं. या दोन गोष्टींची गल्लत करू नकोस.