प्रोग्राम कोसळतो तेव्हा गुंतलेली पॅकेजे कशी शोधता? (अनुभव धागा)

काल लिनक्स कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये सेगफॉल्टची, म्हणजे मेमरीच्या चुकीच्या वापराने प्रोग्राम कोसळल्याची ओळ दिसली आणि एक जुने प्रकरण आठवले. चित्रे दाखवणारा एक प्रोग्राम ठरावीक फायली उघडताच बंद पडत असे. जीडीबी या दोष शोधण्याच्या साधनात बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची यादी, सर्वांत वर शेवटचे) काढला, तर सर्वांत वर रेझ आणि अबॉर्ट ही प्रोग्राम थांबवणारी फंक्शने होती, त्यामुळे ती ज्यात येतात त्या लिबसी६ या मूलभूत पॅकेजवर सर्वांनी खापर फोडले. वास्तविक अबॉर्ट कोणी बोलावले, हे पाहण्यासाठी खाली उतरावे लागते. तेथे चित्र उलगडणारी लायब्ररी (प्रोग्राम वापरतात तो तयार कोड) होती आणि तिच्या फायलीचा मार्ग ‘डीपीकेजी -एस’ (मोठा एस) या डेबियनच्या पॅकेज-आज्ञेला दिल्यावर पॅकेजचे नाव मिळाले. आपलेही अनुभव लिहावेत.

रात्रपाळी : प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणाऱ्या एलडीडी या आज्ञेच्या यादीवर मी विसंबत नाही. प्रोग्राम चालू असताना डीएलओपन या फंक्शनने उचललेले प्लगइन (जोड-भाग) त्या यादीत येतच नाहीत. आमच्याकडे दोष प्लगइनमध्येच होता आणि पॅकेजच्या अवलंबित्वांतही त्याचे नाव नव्हते. जीडीबीतील ‘इन्फो शेअर्डलायब्ररी’ने मात्र ते लगेच दाखवले.

जुनीखिडकी : विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (नोंदी दाखवणाऱ्या साधनात) दोषी मॉड्यूल म्हणून बहुधा एनटीडीएलएल या विंडोजच्याच मूलभूत लायब्ररीचे नाव येते. बिचारीला बाजू मांडायची सोय नाही!

अर्धविराम : ‘डीपीकेजी -एस’ कधीकधी मार्ग सापडत नाही म्हणते, तेव्हा घाबरू नये. नव्या डेबियनमध्ये ‘/लिब’ ही ‘/यूएसआर/लिब’कडे नेणारी लिंक आहे, त्यामुळे मार्ग एका नावाने दिसतो आणि नोंद दुसऱ्या नावाने असते. दोन्ही देऊन पाहावेत.

रात्रपाळी : हे ठाऊक असते, तर एक अख्खी संध्याकाळ वाचली असती. आभार.

मोकळीमेमरी : बॅकट्रेसमध्ये जे पॅकेज नाही, ते निर्दोष, असे मात्र समजू नये. एक लायब्ररी आपल्या हद्दीबाहेर लिहून हीप (गरजेनुसार वाटली जाणारी मेमरी) बिघडवते आणि पुढे भलतीच लायब्ररी मेमरी फ्री (मोकळी) करताना कोसळते. अशा वेळी व्हॅलग्रिंड किंवा ॲड्रेससॅनिटायझर यांसारखा मेमरी तपासनीसच मूळ जागा दाखवतो, कारण तो चुकीचे लेखन घडते त्याच क्षणी पकडतो.

दुपारचाचहा : डीपीकेजीऐवजी आरपीएम पॅकेजे वापरणाऱ्यांसाठी त्याच कामाची आज्ञा ‘आरपीएम -क्यूएफ’. बॅकट्रेसमध्ये नुसती प्रश्नचिन्हे असतील, तर आधी डीबग चिन्हे (फंक्शनांची नावे सांगणारी माहिती) मिळवावीत; ती पुरवणारी डीबगइन्फोडी ही सेवा जोडलेली असेल, तर जीडीबी ती स्वतःच आणतो.

अर्धविराम : त्यातही एक मेख आहे. प्रोग्राम चालू असतानाच लायब्ररी अद्ययावत झाली, तर मेमरीत जुनी प्रत राहते, तर डीपीकेजी नवी आवृत्ती सांगते. ‘/प्रॉक’मधील, चालू प्रोग्रामच्या मेमरीत काय आहे ते सांगणाऱ्या मॅप्स फाइलमध्ये त्या लायब्ररीपुढे ‘डिलीटेड’ असे लिहिलेले दिसले, तर डीपीकेजीचा लॉग उघडून आधीची आवृत्ती पाहावी आणि चिन्हे त्याच आवृत्तीची घ्यावीत, नाहीतर बॅकट्रेसमध्ये भलत्याच फंक्शनांची नावे येतात.