वैमानिकाचं प्रशिक्षण आणि शरीर : अनुभव धागा

लष्करी उड्डाणाचं प्रशिक्षण घेतलेल्या आणि देणाऱ्या सगळ्यांनी इथे जरूर लिहावं. हायपोक्सियाची, म्हणजे शरीराला ऑक्सिजन कमी पडल्याची, लक्षणं ज्याची त्याची वेगळी असतात. तुमची पहिली खूण कोणती, ती कुठे कळली, एवढं तरी सांगा. नव्या मुलांना त्याचा फार आधार होतो.

फायटर पायलट :
अल्टिट्यूड चेंबर, म्हणजे उंचावरची विरळ हवा जमिनीवरच तयार करणारी बंद खोली. आधी अर्धा तास शुद्ध ऑक्सिजन घेतला, शरीरातला नायट्रोजन निघून जावा म्हणून. २५,००० फुटांवर मास्क काढून शंभरातून सात-सात वजा करत लिहायचं होतं. ९३, ८६, ७९ झरझर उतरले. मग ओठांभोवती मुंग्या आल्या आणि पाठोपाठ फार छान वाटायला लागलं. समोरच्याची नखं निळी पडलेली दिसत होती, पण काळजी वाटेना. खरा धोका या बरं वाटण्यातच आहे. ‘मास्क लावा’ ऐकू आलं, हात हलला नाही. शेजारच्या सहायकाने लावला. दोन-चार श्वासांत सगळे रंग एकदम उजळले. कागदावर ७२ च्या खाली नुसत्या रेघोट्या. या उंचीवर भान टिकायला ३ ते ५ मिनिटं धरतात. हिशेब त्याच्या बराच आधी सुटतो.

ट्रान्सपोर्ट पायलट :
मला मुंग्या नाहीत. उकडायला लागतं आणि चिडचिड होते.

प्रशिक्षक :
सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवून शरीरावर भार आणणारं यंत्र) मुलं नजर अंधारायची वाट बघतात आणि मग पोट-मांड्या आवळतात. जी (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला हा भार, तो रक्त डोक्याकडून खाली ओढतो) हळू चढला तर आधी रंग फिके होतात, मग कडेचं दिसेनासं होतं. झपाट्याने चढला तर ही सूचना मिळेलच असं नाही. मेंदूकडे जेमतेम ४ ते ६ सेकंदांचा ऑक्सिजन शिल्लक असतो. तो संपला की थेट शुद्ध जाते. म्हणून जी चढण्याआधीच स्नायू घट्ट हवेत, श्वास धरलेला हवा आणि दर ३ सेकंदांनी तो झटकन बदलायला हवा. नेहमीचा जी-सूट (पाय-पोट दाबून धरणारा पोशाख) सहनशक्तीत १ ते १.५ जीची भर घालतो, बाकीचं तुम्हालाच करायचंय.

हेलिकॉप्टर पायलट :
फिरती खुर्ची, डोळ्यांवर पट्टी. एकाच वेगाने फिरत राहिलं की थोड्या वेळाने थांबल्यासारखं वाटतं. खरोखर थांबवली तेव्हा मी छातीठोकपणे उलटी दिशा सांगितली! ढगांत शिरलं की आता नजर उपकरणांवर, आणि मान अजिबात झटकायची नाही.

नेव्हिगेटर :
सर्दी लपवू नका. वर जाताना बहुधा निभतं. उतरताना कपाळात जी कळ येते ती सहन होत नाही.

माजी फायटर पायलट :
वरच्या मुंग्यांवरून लिहितो. माझीही खूण तीच, बोटांत. एकदा उड्डाणात ती आली. विचार करत बसलो नाही. शंभर टक्के ऑक्सिजन, आणि लगेच १०,००० फुटांखाली. उतरल्यावर तपासलं तर मास्कच्या नळीची जोडणी सैल होती.