मुक्काम सिवातानेहोत करावा की इक्स्तापात?

मूळ मत

ह्यूस्टनमधील आमच्या मराठी मंडळींत मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याचा विषय निघाला, की बहुतेकांचे आरक्षण इक्स्तापाचेच असते. शेजारचे सिवातानेहो अवघ्या सहा-सात किलोमीटरांवर असूनही तिथे ते एखाद्या दुपारी खरेदीपुरते जातात. माझ्या मते हा हिशेब उलटा आहे.

इक्स्तापा हे गाव म्हणून वाढलेले नाही. मेक्सिकोच्या सरकारने कान्कूनच्या बरोबरीने, 1970च्या दशकात, जागतिक बँकेचे कर्ज घेऊन नारळाच्या बागांच्या जागी ते वसवले. एल पाल्मार किनाऱ्यावरच्या उंच हॉटेलांत खाणेपिणे बहुधा भाड्यातच धरलेले असते. एकदा मनगटावर पट्टा बांधला, की पैसे आधीच भरलेले असल्यामुळे बाहेर जेवणे जिवावर येते आणि मुक्कामभर तोच बुफे पुढ्यात येतो.

सिवातानेहोत सकाळी कोळी मुख्य किनाऱ्यावरच मासळी विकतात. त्याच मासळीच्या पातळ पट्ट्या कापून लिंबाचा रस, कांदा आणि हिरवी मिरची यांत मुरवल्या, की 'तिरितास' तयार होतात. कोळ्यांचे होडीतले हे झटपट जेवण आता खारी बिस्किटे आणि तिखट सॉससह उपाहारगृहांत मिळते. गुरुवारी गेलात तर हिरवे पोसोले अवश्य मागा. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला टपोरा मका, डुकराचे मांस आणि भोपळ्याच्या बियांचे दाट वाटण असा तो रस्सा गेरेरो राज्यात गुरुवारीच खाण्याची रीत आहे. हे सारे पायी फिरणाऱ्याच्याच वाट्याला येते.

प्रतिसाद 1

आपले खाण्याबद्दलचे म्हणणे मान्य आहे, पण इक्स्तापावर आपण अन्याय केला आहे. मोठी हॉटेले तिकडे गेली म्हणूनच सिवातानेहोची खाडी आज ठेंगण्या इमारतींची राहिली आहे. अन्यथा तेच बारा-बारा मजले ला रोपा किनाऱ्यावर उभे राहिले असते आणि आपण ज्या गावाचे गुण गाता, ते गावच उरले नसते. इक्स्तापात राबणारे बहुसंख्य लोक राहतातही सिवातानेहोत, म्हणजे तिथल्या चुली इक्स्तापाच्या पगारावर पेटतात.

दुसरे म्हणजे, आमच्यासोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई होत्या. सिवातानेहोतील सुंदर हॉटेलांपैकी कितीतरी टेकडीच्या उतारावर आहेत आणि तिथे प्रत्येक गोष्टीला पायऱ्या. शिवाय त्या शाकाहारी. साध्या दिसणाऱ्या घेवड्याच्या उसळीतही डुकराची चरबी असू शकते, हे कळल्यावर बुफेवर उभे राहून प्रत्येक पदार्थ विचारता येणे, हीच आम्हाला मोठी सोय वाटली.

प्रतिसाद 2

रात्रीच्या करमणुकीविषयी कोणीच लिहिलेले नाही. नाचगाणे आणि उशिरापर्यंत चालणारे बार हवे असतील, तर इक्स्तापाच सोयीचे, कारण हॉटेलपर्यंत चालत परतता येते. सिवातानेहोतील संध्याकाळ वेगळी असते. किनाऱ्यालगतच्या पासेओ देल पेस्कादोर या पायरस्त्यावर कुटुंबे फिरत असतात, वाळूला लागून असलेल्या बास्केटबॉलच्या मैदानाभोवती गर्दी जमते. मला ती आवडते, पण पंचविशीतल्या भाच्याला ती दोन तासांत कंटाळवाणी वाटली. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे लागू आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने गेरेरो राज्याला अनेक वर्षे 'प्रवास करू नये' या श्रेणीत ठेवले आहे. तरीही जायचेच असेल, तर रात्री उशिरा अनोळखी रस्त्याने पायी न फिरणे आणि हॉटेलनेच बोलावलेली टॅक्सी घेणे बरे.

मूळ लेखकाचे उत्तर

पायऱ्यांचा मुद्दा मी विसरलो होतो, तो पूर्णपणे मान्य. ठेंगण्या इमारतींचे श्रेयही इक्स्तापाला देतो. मात्र त्यातून तिथेच राहावे हे कसे सिद्ध होते, ते मला कळले नाही. समुद्राचाही विचार करा. एल पाल्मार उघड्या महासागराला तोंड देतो आणि लाटा जोरदार असल्या की लाल बावटा लागतो. ला रोपा मात्र खाडीच्या कुशीत असल्यामुळे तिथे लहान मुलांनाही बहुधा निवांत डुंबता येते. मेक्सिकोत किनारे सार्वजनिक आहेत, त्यामुळे इक्स्तापात राहणाऱ्यांनाही तिथे येण्यास कोणी अडवत नाही, पण मग रोज टॅक्सीने ये-जा करायची आणि आधीच पैसे भरलेला बुफे तिकडे वाया घालवायचा, हा व्यवहार मला अजूनही पटत नाही.