सिरोंच्यात चार दिवस अडकलोय, काय बघू?

नटबोल्ट:
नमस्कार मंडळी. मी पुण्याचा, सध्या सिरोंच्यात आहे, म्हणजे गडचिरोलीच्या पार दक्षिण टोकाला. एका राइस मिलची मशिनरी बसवायला आलो तर खोक्यातून कपलिंग, म्हणजे दोन शाफ्ट जोडणारा भाग, फुटकंच निघालं. नवीन कोइम्बतूरहून येतंय, तोवर चार दिवस मोकळा. परत येऊ का विचारलं, तर साहेब म्हणाले, जाण्यायेण्यातच दोन दिवस जातील, तिथेच थांब. खोटं नाही. आलापल्लीनंतरच्या रस्त्याने माझे मणके मोजून घेतलेत.

लॉजवर टीव्ही आहे, सगळे चॅनल तेलुगू. मिलवाल्यांची मोटरसायकल मागितली तर मिळेल. कमलापूरला हत्ती असतात एवढंच ऐकून आहे. सुचवा काहीतरी.

ता.क. काल रात्री विचारलं, टिफिन मिळेल का? तर म्हणे सकाळी सातला. जेवणाचा डबा सकाळी सातला? गेलो तर पुढ्यात इडली!

चांदेकर:
हाहा. नदीपलीकडे तेलंगणात टिफिन म्हणजे नाश्ता, सिरोंच्यातही तेच चालतं. दुपारी 'भोजनम' पाटी बघून शिरा. भात, पप्पू म्हणजे डाळ, तिखटजाळ लोणचं. चपातीचा आग्रह धरू नका, पोट भरणार नाही आणि आचारीही खट्टू होईल.

हत्ती म्हणाल तर कमलापूर शेजारच्या अहेरी तालुक्यात आहे. आलापल्लीच्या रस्त्याने उलटं जायचं आणि रेपनपल्लीजवळून आत. पूर्वी जंगलातले सागवानाचे ओंडके ओढायला वनखात्याने हत्ती पाळले, त्यांचाच हा कॅम्प. सकाळी लवकर पोचलात तरच अर्थ आहे. आणि मणक्यांचा हिशोब तुम्ही आधीच दिलाय, तेव्हा विचार करा.

प्राणहिताकाठ:
भाऊ, मी इथलाच. चार दिवस हातात असताना पहिला दिवस हत्तीवर घालवू नका. तुम्ही नदीच्या गावात आहात, आधी नदी बघा.

संध्याकाळी चारनंतर प्राणहितेच्या काठावर या. हिवाळ्यात पाणी उतरलेलं असतं, वाळूत बरंच आतपर्यंत चालता येतं. वर्धा, पैनगंगा, वैनगंगा या सगळ्यांचं पाणी प्राणहिता घेऊन येते, म्हणजे जवळजवळ अख्खा विदर्भ तुमच्या पायाशी वाहतो. इथून थोडं खाली ती गोदावरीला मिळते. गोदावरी त्र्यंबकेश्वरला निघते, नांदेडनंतर तेलंगणात शिरते, ती महाराष्ट्राला परत भेटते ती इथे. पुण्यानाशिककडचे लोक गोदावरी म्हटलं की रामकुंड आठवतात. इथलं पात्र बघाल तर हीच का ती, असं वाटेल.

दुसऱ्या दिवशी गोदावरीच्या पुलावरून पलीकडे काळेश्वरमला जा. पूल नव्हता तेव्हा आम्ही नावेने जायचो, पावसाळ्यात तर देवाचं नाव घेत. मंदिरात एकाच शाळुंकेवर दोन लिंगं आहेत, एक काळेश्वर म्हणजे यम आणि दुसरा मुक्तेश्वर म्हणजे शिव. मान यमाचा पहिला! मुक्तेश्वराच्या लिंगाला दोन छिद्रं आहेत, त्यात ओतलेलं पाणी थेट संगमात निघतं अशी श्रद्धा आहे.

गडबडगुंडा:
पुलावरून पलीकडे जाणारे सगळेच काही यमाच्या दर्शनाला जात नाहीत 😀 गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, एवढं सांगून गप्प बसतो.

प्राणहिताकाठ:
गुंडाभाऊ, पाहुण्यांना बिघडवू नका. येताना नाक्यावर पिशवी उघडायला लावतात.

दगडूबाई:
कोणीच दगडांचं नाव काढलं नाही म्हणून लिहिते. मी भूशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. याच तालुक्यात प्राणहितेकाठी कोटा नावाचं लहानसं गाव आहे. जगभरचे अभ्यासक 'कोटा फॉर्मेशन' म्हणतात ते खडक याच गावाच्या नावाचे, जुरासिक काळातले. माशांचे जीवाश्म इथे एकोणिसाव्या शतकातच सापडले होते. याच खोऱ्यात नदीपलीकडे बारापासॉरस हा डायनासोर मिळाला. त्याचं मांडीचं हाड १.७ मीटर, म्हणजे बहुतेक तुमच्याच उंचीचं. तो सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे आणि कोटासॉरस हा दुसरा डायनासोर हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात. आपल्या बाजूला वडधमचं जीवाश्म उद्यान आहे, तिथे दगड झालेली झाडं बघायला मिळतील. हात लावून बघा, डोळ्यांना लाकूड वाटतं आणि बोटांना गार दगड लागतो. खिशात मात्र तुकडासुद्धा घालू नका. आमची मुलं सहलीला गेली की परतताना मी सगळ्यांचे खिसे तपासायची.

चांदेकर:
बाई, हे मलाही माहीत नव्हतं. चंद्रपूरला जन्म काढला!

नटबोल्ट:
सगळ्यांचे आभार. दोन दिवसांचा अहवाल देतो.

पहिल्या संध्याकाळी काठावर गेलो. एक म्हातारेबुवा जाळं सोडवत बसले होते. मी मराठीत विचारायचं, ते तेलुगूत उत्तर द्यायचे आणि मध्येच "समजलं का?" एवढंच मराठीत. तासभर असं चाललं. एकही मासा पदरात पडला नाही, पण जाळ्याची गाठ कशी मारतात ते कळलं. मी आयुष्यभर नटबोल्ट आवळायचे पाने घेऊन हिंडतो, तरी ती गाठ मला तीनदा चुकली.

काल काळेश्वरम. दर्शन झालं, पिशवी रिकामी होती, गुंडाभाऊंनी नोंद घ्यावी. त्याहून वडधम आवडलं. एका खोडावर साल सुटल्यासारखी दिसत होती, नखाने उचकटायला गेलो आणि नखच मोडलं. बाई, खिसे रिकामे आहेत.

बाजारात कलेक्टर आंब्याची चौकशी केली. दुकानदार बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

प्राणहिताकाठ:
डिसेंबरात आंबा मागितला तर बघणारच ना भाऊ! इंग्रजांच्या वेळी अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्यालय सिरोंचा होतं, तेव्हाच्या साहेबाने लावला म्हणून कलेक्टर, असं आमच्याकडे सांगतात. उन्हाळ्यात या, एकच फळ दोघांना पुरतं. आता निघताना मिरची घेऊन जा, ती मिळेल.

नटबोल्ट:
निघणं लांबलं. कपलिंग आलं, पण चुकीच्या मापाचं. बोअर, म्हणजे मधलं भोक, आठ मिलीमीटरने मोठा. साहेब फोनवर मला ओरडले, जणू मीच ओतलंय ते. आणखी तीन दिवस.

इंद्रावती आणि गोदावरीचा संगम याच तालुक्यात सोमनूरला आहे असं मिलमधला पोरगा म्हणतोय. पलीकडे छत्तीसगड. एकट्याने मोटरसायकलवर जावं का?

प्राणहिताकाठ:
एकट्याने नको. रस्ता जंगलातून आहे, मध्ये नेटवर्क नाही. आधी पोलीस ठाण्यात सांगा, सकाळी निघा आणि उजेड असताना परत फिरा. रविवारी माझा भाचा आसरअल्लीला जातोय, त्याच्याबरोबर पाठवतो. सातला टिफिन खाऊन तयार राहा.