गृहिणीला बिनकामाची कुणी ठरवलं?

आमसुली_आमटी: काल एका महाशयांनी ठोकून दिलं, "स्त्रीवाद्यांनीच गृहिणीला कमी लेखलं, पूर्वी घरात तिला मान होता." रात्री ओटा आवरतानाही ते डोक्यातून जाईना, म्हणून हे लांबण. २००१च्या जनगणनेत गृहिणींना काम न करणाऱ्यांत धरलं, भिकारी आणि कैद्यांच्या पंगतीत. ती पंगत सरकारने मांडली होती. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर ताशेरे ओढले. घरकामाला पगार द्या ही मोहीम १९७२मध्ये सुरू केली ती मात्र स्त्रीवाद्यांनी. आणि मान कसला? संक्रांतीला वाण मिळतं, फ्लॅटच्या कागदावर नाव लागत नाही.

नाना_कोथरूड: पगार देणार कोण, नवरा? या खिशातलं त्या खिशात! आमच्या आईने जन्मभर केलं, कधी हिशेब मागितला नाही.

सडेतोड: मागितला असता तर मिळाला असता का, नाना?

दुपारची_झोप: मी एम.एस्सी., घरी आहे, स्वतःच्या मर्जीने. "दिवसभर करतेस तरी काय?" हे मला नोकरीवाल्या मैत्रिणीने विचारलंय. स्वतःला स्त्रीवादी म्हणवते. तेही लिहा की.

वऱ्हाडी_ठेचा: त्याच मैत्रिणीकडे धुणंभांडी कोण करते? बाईच ना? तिला भरपगारी सुट्टी किती, ते सांगा आधी.

आमसुली_आमटी: विषय भरकटवू नका.

वऱ्हाडी_ठेचा: हाच तर विषय आहे! माझी मावशी चार घरची कामं करून स्वतःच्या घरी फुकट राबे. आजारी पडली की पैसे कापायच्या तुमच्यासारख्याच ताई.

आमसुली_आमटी: "तुमच्यासारख्या" म्हणजे? मी कापत नाही.

दुपारची_झोप: दिवाळीला बोनस?

आमसुली_आमटी: साडी देते.

वऱ्हाडी_ठेचा: वाण, म्हणा.

आमसुली_आमटी: घ्या, मारलात टोला. यंदा पैसे देते. पण बाईचा हिशेब मीच का द्यायचा? माझा नवरा काय परगावी राहतो? २०२४च्या सरकारी पाहणीत घरकामाला बायकांची रोजची २८९ मिनिटं, पुरुषांची ८८. तीही जे करतात त्यांचीच सरासरी!

नाना_कोथरूड: भाजी मीच आणतो.

सडेतोड: निवडतं कोण? मद्रास उच्च न्यायालयाचा २०२३चा निकाल वाचा. नवरा सौदीत कमावत होता, बायको इथे घर सांभाळत होती. त्या कमाईच्या मालमत्तेत तिचा निम्मा हक्क मानला.

नाना_कोथरूड: बरं, हे पटलं. अर्धंच. मग गृहकर्जाच्या कागदांवरही तिची सही घ्या.

सडेतोड: करेल की. काकूंना विचारलंत?

नाना_कोथरूड: ती झोपलीये.

दुपारची_झोप: झोपू द्या त्यांना. चहा तुम्ही टाका.