येशू मेलेल्यांतून उठला, याला पुरावा काय?

ऐरोलीची_मुग्धा

माझ्या जवळच्या मैत्रिणीचे वडील नुकतेच गेले. दफनविधी ठाण्यात होता, ख्रिस्ती अंत्यविधीला मी पहिल्यांदाच गेले. पाळकांनी करिंथकरांच्या पत्रातला उतारा वाचला, ज्यात थेट मरणालाच विचारलंय की तुझी नांगी कुठे गेली. मैत्रीण रडत होती, पण तिची आई तो उतारा पाळकांबरोबर ओठांतल्या ओठांत म्हणत होती. नवरा पुन्हा भेटणार, हे त्या माउलीला मनापासून खरं वाटतं. कारण एकच: येशू उठला, म्हणून आपणही उठू.

आत्मा अमर आहे हे ऐकत मी मोठी झाले. हा दावा वेगळा आहे. एक ठरावीक माणूस, ठरावीक शहर, पंतय पिलात या रोमन सुभेदाराची कारकीर्द, आणि देहासकट उठणं. म्हणजे इतिहासात घडलं असं म्हणणं आहे. मग त्याला पुरावा काय देतात? 'श्रद्धा आहे' हे उत्तर मी समजू शकते, पण तेवढंच आहे का? कुणाचं मन दुखवायचं नाही, धर्मही बदलायचा नाही. मैत्रिणीशी बोलताना अर्ध्या माहितीवर बोलू नये, एवढीच इच्छा.

कळव्याचा_संशयी

मी नास्तिक आहे, पण विषय वाचलाय. चारही शुभवर्तमानं, म्हणजे येशूचं चरित्र सांगणारी मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही बायबलमधली पुस्तकं, घटनेनंतर साधारण ३५ ते ६५ वर्षांनी लिहिली गेली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांचा आपसात मेळ बसत नाही. मार्कमध्ये कबरीपाशी तीन स्त्रिया, मत्तयात दोन. मार्कमध्ये आत एक तरुण, लूकमध्ये दोन पुरुष. अकरा शिष्यांना येशू मत्तयात गालीलात दिसतो, लूकमध्ये यरुशलेमात. शिवाय मार्कच्या चौथ्या शतकातल्या दोन जुन्या हस्तलिखितांत १६ वा अध्याय ८ व्या वचनावर थांबतो: बायका घाबरून पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत. पुढची १२ वचनं नंतर जोडलेली आहेत.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४८ मध्ये म्हटलं ते मला पटतं: चमत्कार घडला असण्यापेक्षा सांगणाऱ्याची गफलत झाली असणं जास्त संभवतं. गेलेलं माणूस दिसल्याचा अनुभव आजही अनेकांना येतो. ते लोक खोटारडे नसतात.

कोर्टनाका

मुग्धाताई, मी ठाण्याचा, मराठी ख्रिस्ती घरातला. निवृत्त होईपर्यंत न्यायालयात लघुलेखक होतो. साक्षी उतरवून घेण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे हा प्रश्न मी त्याच अंगाने पाहतो.

दोन साक्षीदार शब्दन्‌शब्द सारखं बोलले की उलटतपासणीत वकील पहिला तिथेच धरतो: कुणी पढवलं? किरकोळ विसंगती असतेच, मूळ गोष्ट टिकते का ते पाहायचं असतं. म्हणून बायका दोन की तीन याने मी हलत नाही. गालील की यरुशलेम हा फरक मात्र किरकोळ नाही, हे संशयींचं म्हणणं मान्य.

पण मी शुभवर्तमानांपासून सुरुवात करतच नाही. त्याआधीचा कागद पौलाचा, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या एका ख्रिस्ती प्रचारकाचा आहे. करिंथकरांस पहिलं पत्र त्याने इ.स. ५३ ते ५५ च्या सुमारास इफिसहून लिहिलं, आणि ते त्याचंच, हे श्रद्धा नसलेले अभ्यासकही मानतात. १५ व्या अध्यायात तो म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला म्हणजे पेत्र या प्रमुख शिष्याला दिसला, मग बारा शिष्यांना, मग एकदम पाचशेहून अधिक बांधवांना, मग याकोबाला, सगळ्या प्रेषितांना आणि शेवटी मला. हे त्याला कुणाकडून मिळालं असेल? गलतीकरांच्या पत्रात तो लिहितो की विश्वास ठेवल्यावर तीन वर्षांनी मी यरुशलेमला गेलो, केफाकडे पंधरा दिवस राहिलो, प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. येशूला वधस्तंभावर म्हणजे क्रुसावर दिलं ते वर्ष इ.स. ३० किंवा ३३ धरतात. म्हणजे घटनेला दहा वर्षंही झाली नव्हती, आणि पौल त्याच शहरात त्याच माणसांसमोर बसला होता.

आता कायद्याने पाहू. तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा, असं १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ६० सांगायचं. त्या कसोटीवर केफाबद्दलचं पौलाचं बोलणं ऐकीवच ठरतं. 'मला दिसला' हे मात्र ऐकीव नाही. आणि हे सांगणारा माणूस आधी मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा छळ करत होता, तसं तो स्वतःच लिहितो. दुःखाने खचलेल्याला गेलेलं माणूस दिसतं, हे पेत्राला लागू पडेलही. पौलाला येशू गेल्याचं कसलं दुःख?

याकोबाचं तर मला फार वाटतं. मार्कच्या ३ ऱ्या अध्यायात घरचेच लोक येशूला भान सुटलेला समजून धरून न्यायला निघतात. योहान ७ सांगतो की भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. त्यांतलाच हा याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी होतो आणि इ.स. ६२ मध्ये त्याला दगडमार होतो. ती नोंद जोसेफस या यहुदी इतिहासकाराची आहे, बायबलची नाही. स्त्रियांची साक्ष घेऊ नये हा नियमही जोसेफसनेच लिहून ठेवलाय. ज्या समाजात हे चालतं तिथे गोष्ट रचायचीच असती, तर कबरीपाशी पहिल्यांदा पेत्राला पाठवलं असतं; मरीया मग्दालीयेला कशाला पाठवतील?

एक युक्तिवाद मात्र आमचे लोक फार सैल वापरतात: शिष्यांनी त्यासाठी जीव दिला, म्हणून ते खरं. आपल्या ठाण्यातच १३२१ मध्ये तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती विश्वासासाठी मारले गेले. जॉर्डनस नावाच्या धर्मगुरूने त्यांचे देह पुरले. तलावपाळीच्या चर्चवरून जाताना मी त्यांच्यासाठी हात जोडतो. पण त्यांनी ती कबर पाहिली नव्हती. त्यांच्या मरणाने त्यांची निष्ठा सिद्ध झाली, घटना सिद्ध झाली नाही. पेत्र, याकोब आणि पौल यांना दिसला की नाही, हे मात्र त्यांचं त्यांना ठाऊक होतं.

पुराव्याने मी इथवर येतो: या माणसांना तो जिवंत दिसल्याची खात्री होती, आणि ती खात्री अगदी सुरुवातीची आहे. पुढे 'देवाने त्याला उठवलं' हे मी विश्वासाने म्हणतो, आणि पूर्ण मनाने म्हणतो.

कळव्याचा_संशयी

पौलाचा मुद्दा वजनदार आहे. पण अपराधाच्या टोचणीतूनही दर्शन होऊ शकतं. गेर्ड ल्युडमान या जर्मन अभ्यासकाने तसं मांडलंय. आणि पौल रिकाम्या कबरीबद्दल अवाक्षर काढत नाही, फक्त 'पुरला गेला' म्हणतो. वधस्तंभावर मेलेल्यांना रोमन लोक पुष्कळदा तसंच लटकत ठेवत.

ऐरोलीची_मुग्धा

काका, आणि ते पाचशे लोक? मला तर तोच सगळ्यात मोठा पुरावा वाटला. देह चोरीला गेला असंही कुठेतरी वाचलं होतं.

कोर्टनाका

संशयी, लटकत ठेवत हे खरं, पण नेहमीच नाही. १९६८ मध्ये यरुशलेममध्ये वधस्तंभावर मारलेल्या येहोहानान नावाच्या माणसाची दगडी अस्थिपेटी सापडली. टाचेच्या हाडात खिळा तसाच अडकलेला, टोक वाकलेलं. तरीही तो रीतसर कबरीत ठेवला गेला होता. याने येशूची कबर सिद्ध होत नाही. तसं पुरणं अशक्य नव्हतं, एवढंच कळतं.

मुग्धाताई, चोरीचा आरोप मत्तयाच्या २८ व्या अध्यायातच आहे: रात्री शिष्यांनी देह पळवला. म्हणजे विरोधकांचं उत्तर 'देह तिथेच आहे' असं नव्हतं. अर्थात विरोधकांचं म्हणणं आपल्याला मत्तयाच्याच तोंडून कळतं, ही त्यातली अडचण.

पाचशेंचा दुवा मात्र कच्चा आहे. एकाचंही नाव नाही, जागा नाही, शुभवर्तमानांत उल्लेख नाही. त्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत असं पौल लिहितो, म्हणजे हवं तर विचारा असा सूर आहे. पण करिंथहून कुणी येऊन विचारलं, अशी नोंद नाही. मी माझी बाजू याकोब आणि पौलावर उभी करीन, पाचशेंवर नाही.

ऐरोलीची_मुग्धा

गलतीकरांच्या पत्रात ते पंधरा दिवसांचं कुठे आहे?

कोर्टनाका

पहिला अध्याय, १८ आणि १९ वं वचन. त्याआधीचं १३ वंही वाचा, छळाबद्दल तिथेच लिहिलंय.