ग्राउचो मार्क्सचे जुने लेख कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मिशी आणि सिगारसाठी ओळखला जाणारा अमेरिकन विनोदी नट ग्राउचो मार्क्स, त्याच्या पत्रांचं पुस्तक (द ग्राउचो लेटर्स, १९६७) परवा वाचून संपवलं आणि अक्षरशः वेड लागलंय. कवी टी. एस. एलियटने फोटो मागितला म्हणून याने साधासा फोटो पाठवला, तर एलियटने कळवलं की मिशी आणि सिगारवाला पण पाठवा! लहानपणीच शाळा सुटलेला माणूस इतकं धारदार लिहितो हे बघून खरंच भारावून गेले. आता त्याने १९२० च्या दशकात द न्यूयॉर्कर या अमेरिकन साप्ताहिकासाठी लिहिलेले विनोदी लेख वाचायचेत, त्याच्या अशा फुटकळ लेखनाचा संग्रह १९९३ मध्ये आला होता, पण मला कुठेच मिळत नाहीये. पुण्या-मुंबईत कुठल्या लायब्ररीत किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात कोणी पाहिलाय का? झेरॉक्सवाली नको, मूळ प्रत हवीये, सेकंडहँड असली तरी चालेल.